टुल्लू

तो कूलरमध्ये राहायचा.
म्हणजे आत, पंख्याच्या मागे, वाळ्याच्या ताटीला टेकून,
जिथे पंप दिवसभर गुळणी धरल्यासारखा बोलतो.
पंपाचं नाव त्यानं स्वतःच घेतलं की मी दिलं,
आता आठवत नाही. तेव्हा ते एकच होतं.

अजनीचं रेल्वे क्वार्टर, मे महिना,
खिडक्यांना ओली पोती.
दुपारी दोनला रस्त्यावर फक्त डांबर जागं.
आई झोपायची. बाबा ड्यूटीवर,
नाहीतर ड्यूटीवरून येऊन झोपलेले,
खुंटीला काळा कोट, त्याच्या पाठीवर
घामाच्या मिठाचा कुठल्यातरी देशाचा नकाशा.

आणि टुल्लू म्हणायचा,
काहून वं, झोपून राहिली का?

आई मिरजेची. आमच्या घरात 'काहून'ला मनाई होती.
'का' म्हण. 'मले' नाही, 'मला'.
टुल्लूला कुणी रागवत नव्हतं, म्हणून त्याचं सगळं खपायचं.
मी शुद्ध विचारायचे, तो पोट्ट्यांसारखं उत्तर द्यायचा,
मग मी हळूच, ताटीला ओठ लावून,
त्याच्यासारखं म्हणून बघायचे: हाव.
जिभेवर वाळ्याचा वास.

तो साडेचार वर्षांचा होता.
मी साडेचारची असताना, सहाची झाल्यावर,
आणि आठ पुरी होऊनही.
कारण सरळ होतं. पाचच्या आत तिकीट लागत नाही,
आणि तिकीट तपासनिसाच्या घरात
फुकट्या ठेवणं बरं दिसलं नसतं.

बाबांना तो माहीत होता की नाही, कळायचं नाही.
जेवताना मी त्याला जागा सोडायचे,
ते त्या जागेवर पाण्याचा तांब्या ठेवायचे.

मग इतवारीहून छोट्या गाडीनं उमरेडला, आत्याकडे.
खिडकीजवळ टुल्लू, त्याच्या शेजारी मी.
टेंभरं विकून निघालेली एक बाई आली,
डोक्यावर रिकाम्या टोपल्यांची चवड.
सरक ना बाई जराशी, म्हणाली.
मी म्हटलं, इथे कुणीतरी आहे.
बाबा उभे होते. कोट नव्हता अंगावर,
पण आवाज कोटातलाच होता:
इथं कुणी नाही. सरक.

बाई बसली.
टुल्लू ओरडला नाही, एवढंच मला आठवतं.
भांडेवाडी गेली, डब्यात कुणीतरी भुईमुगाची टरफलं फेकत होतं,
बाईनं मला एक टेंभरू दिलं, चिकट,
मी ते मुठीत धरून ठेवलं उमरेडपर्यंत.

परतीच्या गाडीत मी जागा धरली नाही.
कूलरमध्ये पंप होता, आणि पाणी.
जूनमध्ये त्याच्यावर पोतं टाकलं.
तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल एकटीनंच सजवला,
एक शिंग वाकडं रंगलं, तर कुणी हसलं नाही.

बाबा गेले त्या डिसेंबरात
त्यांची पत्र्याची पेटी मी उघडली.
पेन्शनचे कागद, पंचिंगचा गंजका चिमटा,
आणि पावतीपुस्तकातून फाडलेला एक कागद,
चार घड्यांचा, कार्बनची निळी अक्षरं पुसट.

नाव: टुल्लू.
वय: साडेचार. ते खोडून: पाच.
इतवारी ते उमरेड. अर्धं तिकीट.
त्याखाली, दुसऱ्या पेननं, घाईत:
आणि परत.

तारीख तीच. सही तीच,
जी माझ्या प्रगतिपुस्तकावर असायची,
शेवटच्या अक्षराला शेपूट ओढलेली.
पैसे स्वतःच्या खिशातून भरले असणार.
अशा बाबतीत ते फार पक्के होते.

किती वेळ तशी बसले होते, माहीत नाही.
आतल्या खोलीतून आई,
अठ्ठेचाळीस वर्षं नागपुरात राहिलेली,
पायावर गोधडी घेऊन, माझ्याकडे न बघताच म्हणाली,
काहून वं, रडून राहिली का?

काही नाही, मी म्हटलं.
कूलरची ताटी बदलायला झाली आहे.
बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती.
हाव, ती म्हणाली.