वारो खंयचो?

खसबच्या धक्क्यावर चार पासपोर्ट मोजून झाल्यावर
अधिकाऱ्यानं विचारलं, कप्तान कोण?
भार्गवनं माझ्याकडं बोट केलं.
त्यानं पेन क्षणभर हवेत धरलं
आणि रकान्यात भार्गवचंच नाव लिहिलं.
मी बोलले नाही काही.
ऊन चढायच्या आत निघायचं होतं.

होडी अठ्ठावीस फुटी,
शारजा सोडून गेलेल्या कुणा स्कॉटिश इंजिनिअरची.
शीड तीन जागी उसवलेलं, मी शिवलेलं,
उजवीकडं कललो तरच नीट पेटणारी शेगडी,
आणि मागं रंगवलेलं नाव, त्यातली दोनच अक्षरं शिल्लक.
होडीचं नाव बदलू नये म्हणतात.
आम्हाला मुळात ते वाचताच येत नाही.

बंदराबाहेर पलीकडच्या मुलखातल्या छोट्या बोटी,
शेळ्या उतरवून फ्रीज लादून
पाण्यावर आपटत परत निघालेल्या.
त्याही पलीकडं टँकर,
रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे.
मग आम्ही वळलो आत, खोरात.
इथं खाडीला खोर म्हणतात.
दोन्ही बाजूंना नुसता कातळ, हजार हजार फूट,
गवताचं पातं नाही.
ओजसनं बराच वेळ बघून विचारलं,
यांनी झाडं कुठं ठेवलीत?

बाबा आचऱ्याचे तांडेल.
बाईमाणूस होडीत चढलं की जाळं रितं येतं,
म्हणून मला वाळूपर्यंतच मुभा.
पहाटे मला उठवून पाण्याशी न्यायचे,
डोळे मिटायला लावायचे,
वारो खंयचो? सांग.
मी गाल फिरवून फिरवून सांगायची.
मतलय असला तर केसांत घुसतो, पाठीमागून,
त्याला शेणाचा, ओल्या पेंढ्याचा वास असतो.
माझा शब्द ऐकून ते होडी लोटायचे.
मी तिथंच,
घोट्यापर्यंत पाण्यात.

रात्री दोनला नांगर घसरला.
आधी साखळीचा आवाज, दात खाल्ल्यासारखा,
मग कातळ जिथं नव्हता तिथं कातळ.
भार्गव दुपारपासून बादली मांडीवर घेऊन बसलेला,
तसाच उठला, इंजिन लावलं, पुन्हा बसला.
कस्तुरी टॉर्च धरून पुढं पालथी,
बारा मीटर, आई, नऊ, आई, सात.
तिचा आवाज कापत नव्हता.
माझे हात कापत होते.

वस्तीवरून एक म्हातारा आला, एकटा, वल्हवत.
रस्ता नसलेली चार घरं, त्यातल्या एकातून.
काहीतरी विचारलं त्यानं, त्यातला एकच शब्द कळला, नोखदा.
कस्तुरीनं टॉर्च माझ्या तोंडावर मारला.
त्यानं मान हलवली, जशी कुणाहीपुढं हलवली असती,
आणि हातानं दाखवलं,
तिकडं वाळू आहे, तिकडं टाक,
साखळी अजून सोड, अजून, अजून.
नांगर धरल्यावर एक मासा आमच्या होडीत भिरकावून
अंधारात गेला.
आभार मानायला मला नीट अरबी येत नाही.
त्याची भाषा अरबी होती का, तेही माहीत नाही.

सकाळी टोकावर आलो तेव्हा सिग्नलची एक काडी मिळाली.
बाबांना दिसत नाही आता फारसं.
कशी आहेस नाही, कुठं आहेस नाही.
वारो खंयचो?
म्हटलं, वायव्येचा, इथं शमाल म्हणतात.
शमाल म्हंजे कोण?
आणि रात्री डोंगरावरून एक उतरतो, बाबा,
मतलयसारखाच, पण त्याला कसलाच वास नाही.
ते गप्प झाले.
बिनवासाच्या वाऱ्याचा विचार करत असावेत.
नांगर धरता मां?
धरता, म्हटलं.

मग फोनात नुसतं घोंघावणं.
सिग्नल गेला, भार्गव म्हणाला.
मी फोन कानाचा काढला नाही.
मला वाटतं, बाबा चाचपडत अंगणात आले होते
आणि फोन हातभर लांब धरून उभे होते,
ओळख बघू, म्हणत.