रकाना चौदा

एका फॉर्मचे अठरा रुपये,
घर बंद असेल तर नऊ.
सातपूरच्या वस्तीत मी सकाळी सातलाच शिरते.
आठनंतर माणसं सापडत नाहीत.
दुपारी सापडतात ती काम सुटलेली,
आणि त्यांना विचारायचं
जिवावर येतं.

पहिले तेरा रकाने सरसर भरतात.
नाव, वय, रेशन कार्ड, नळ कुणाचा, संडास कुठे.
चौदावा : कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न.
इथे बाई ओले हात पदराला पुसते,
नवऱ्याकडे बघते.
नवरा दाराबाहेर बघतो,
जणू आकडा गल्लीतून येतोय.

पुंजाबाई निकाळे म्हणाली,
महिना कोणता धरू?
द्राक्षाचा, का बिनद्राक्षाचा?
जानेवारी ते एप्रिल ती पिंपळगावच्या पॅकहाउसला.
पहाटेचा टेम्पो, केसांवर जाळीची टोपी,
हातात बारकी कात्री.
सडका मणी अलगद काढायचा,
शेजारच्या मण्याला धक्का लागता कामा नये.
‘एवढं जपून मी पोरंसुद्धा वाढवली नाहीत बाई.’
मे लागला की लसूण सोलायचा, किलोवर.
तिनं बोटं पुढे केली.
मी टॅबवर लिहिलं : हंगामी.

तौफिक मणियार, आयटीआय, फिटर.
अंबडला ठेकेदाराकडे.
सात महिने भरले की ब्रेक,
मग तोच ठेकेदार, तेच मशीन, कार्ड नवीन.
अनुभव किती, मी विचारलं.
‘शून्य,’ म्हणाला.
‘नऊ वर्षांचा.’
आणि हसला, म्हणून मीही हसले,
मग दोघंही गप्प बसलो.
आतून कुणीतरी चहा ठेवला असावा,
आल्याचा वास आला.
मी घाईनं उठले. दूध त्यांनी
हिशेबात धरलेलं नसणार.

टॅब कोरा रकाना घेत नाही.
शून्यही घेत नाही.
खैरनार साहेबांना फोन केला.
‘अंदाजे टाका हो मॅडम.
ते जगतात तरी कुठं नेमकं?’

रामकुंडाच्या बाजूचा वॉर्ड शेवटी आला.
तिथं काशिनाथ लहांगे, वय एकोणीस,
दोरीला चुंबक बांधून गंगेत सोडतो.
व्यवसायांच्या यादीत हा धंदा नाही.
मी खाली खाली सरकत गेले,
तळाला ‘इतर’ मिळालं.
तो शिकवत होता मला :
एकचं, दोनचं नाणं चुंबकाला चिकटतं,
पाचचं, दहाचं नाही चिकटत.
ज्याचं मागणं मोठं,
त्याच्यासाठी बुडी मारावी लागते.
थंडीत?
थंडीत पण. लोक थंडीत मागत नाहीत का?
दिवसाचे किती?
‘पाण्यावर आहे,’ म्हणाला.
मी सरासरी विचारली.
त्यानं ओल्या चड्डीच्या खिशातून मूठ काढून
पायरीवर पसरली.
एक बटण होतं त्यात, एक पितळी घुंगरू,
आणि सव्वीस रुपये.
मोज, म्हणाला. तुझं कामच आहे ते.

त्या दिवशी बावीस फॉर्म झाले.
म्हणजे तीनशे शहाण्णव,
वजा रिक्षा, वजा टॅबचा रिचार्ज,
तो आपणच मारायचा.
सिडकोत घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते.
दारावर खडूनं लिहिलेलं :
घर बंद.
खाली तारीख, वेळ सव्वाअकरा.
अक्षर ओळखीचं निघालं.
ट्रेनिंगला माझ्या शेजारी बसायची ती मंदाकिनी सोनवणे,
तिचा ‘घ’ असाच पोट सुटलेला.

खडू पुसायला हात उचलला,
आणि तसाच खाली घेतला.
असू दे.
आज आमच्या घरातून
कुणाला तरी नऊ रुपये सुटले.