खिळा

सहा चौकोन भरायचे असतात.
चार तर मी मिहानच्या बसमध्येच भरले:
एक गळ्यात ओळखपत्र, आडनावावर अंगठा,
एक फुटाळ्यावरचा, केस तोंडावर,
एक तर्री-पोह्याचा, त्यात मी नाहीच, फक्त माझा चमचा,
आणि एक शेजारच्यांच्या कुत्र्यासोबत.
कुत्रं त्यांचं, हसू माझं.

पाचवा संघदीपच्या लग्नातला.
पांढरी साडी, मोगरा,
आणि आयुष्यात एकदाच
दोन्ही डोळ्यांत सारखं बसलेलं काजळ.
अर्ध्या तासात धरमपेठेचा कुणी शार्दूल विचारतो,
"लग्नात पांढरं? कोणी गेलं होतं का?"
मी हसरा चेहरा पाठवला.
रात्री तोच फोटो कापत बसले.
आधी साडी गेली,
मग मंडपाला लावलेला झेंडा,
मग मोठ्या आत्याचा जोडलेला हात.
उरले मी, आणि कोपऱ्यात नखाएवढं निळं,
कितीही ओढलं तरी
चौकटीबाहेर जाईना.

आई कूलरमध्ये पाणी ओतता ओतता म्हणाली,
"काहून वं, एवढी कापून राहिली स्वतःले?"

तिथे आडनाव विचारत नाहीत.
किती मोकळं वाटलं होतं पहिल्या दिवशी!
पण बाबांनी माझ्या पहिल्या नावातच
आख्खं विद्यापीठ बसवून ठेवलेलं.
गड्डीगोदामच्या छापखान्यात ते खिळे जुळवायचे,
दुसऱ्यांच्या पत्रिका, दुसऱ्यांची कुळं,
सगळं उलटं वाचायचे, सुलट छापायचे.
मी झाले त्या दिवशी
नाव शिशात जुळवून, शाई फिरवून
पिवळ्या कार्डावर उमटवून आणलं त्यांनी.
आईच्या ट्रंकेत आहे अजून.
मी त्याचं आधी 'तक्षू' केलं,
मग नुसतं 'टी'.

मग परवा हा आला.
वय चौतीस, बँकेत, डोंगर आवडतात म्हणे.
नागपुरात कुठले डोंगर, पण असो.
निळा शर्ट नाही, मुद्दाम करडा.
मागे पिस्ता रंगाची भिंत, उन्हाळ्यांनी विटलेली,
आणि त्याच्या डोक्याच्या जरा वर
एक चौकोन, तेवढाच न विटलेला.
त्याच्या माथ्यावर खिळा.

मी तो चौकोन ओळखते.
आमच्या इंदोऱ्याच्या गल्लीत घरोघरी
त्याच उंचीवर काय असतं, ते मला सांगू नका.
याने ते एका फोटोपुरतं उतरवलं असणार,
काच वर करून पलंगावर ठेवलं असणार,
पालथं नाही, तेवढं नक्की,
आणि टायमर लावून
धावत येऊन उभा राहिला असणार.

मी लिहिलं, "खिळा दिसून राहिला तुमचा."

तीन टिंबं आली. गेली. परत आली.
"घड्याळ होतं तिथे," तो म्हणाला.
"बंद पडलं."

मी खूप वेळ काहीच लिहिलं नाही.
कूलरची खस वाळत आली होती,
आई झोपेत पदराने वारा घेत होती,
तिच्या डोक्यावर, भिंतीवर,
काचेत रस्त्याचा दिवा.

"आमचं चालू आहे," मी लिहिलं.

पाऊण वाजता उत्तर आलं,
घड्याळाबद्दल एक शब्द नाही.
"टी म्हणजे?"

त लगेच सापडला.
आता अंधारात अंगठा
क्ष शोधतोय.
या कीबोर्डवर तो कुठे असतो
मला खरंच माहीत नाही.