डब्यातल्या गोळ्या

हार्मानुसने बिस्किटांचा डबा टेबलावर ठेवला.
निळा, पत्र्याचा, झाकणावर पोचा पडलेला.
आत दोन वर्षांच्या गोळ्या,
सकाळच्या पांढऱ्या, रात्रीच्या पिवळट.
एकही गिळलेली नाही.
"टाकवेनात," म्हणाला. "महागाच्या आहेत."

डॉक्टर आनेखीन वीर्सेमा आधी भडकली.
एकवीस वर्षं खोनिंगनच्या या इस्पितळात
ती एकच गोष्ट बजावत आलीय:
दुसऱ्याचं मूत्रपिंड ते दुसऱ्याचंच.
गोळी चुकली की टी पेशी जाग्या होतात,
नाव-गाव विचारतात,
आणि मग विचारतही नाहीत.

रेन्स्केचं तेच झालं होतं.
वय चोवीस. गोळ्यांनी चेहरा सुजतो म्हणून
सहा आठवडे थांबली,
भावाच्या लग्नातल्या फोटोंसाठी.
तिची काचपट्टी अजून आनेखीनच्या खणात आहे,
जांभळ्या ठिपक्यांनी गच्च,
मुंग्या लागलेल्या गुळाच्या खड्यासारखी.

तिने हार्मानुसचं रक्त काढलं.
पाच नळ्या. तोंडातून शब्द नाही.

खरं तर आपलं-परकं शिकवतात ते फार आधी,
छातीच्या हाडामागे, थायमसमध्ये.
शंभरातल्या दोन-चार पेशी तिथून बाहेर पडतात.
जी आपल्याच घरावर धावून जाईल
तिला तिथंच संपवतात, सुतक न पाळता.
पण हार्मानुस बासष्टचा.
त्याच्या त्या शाळेत आता नुसती चरबी.
मग हे शिकवलं कोणी? कधी?

मूत्रपिंड खेस्केचं, त्याच्या बहिणीचं.
वडिलांच्या बोटीपायी दोघांत अकरा वर्षांचा अबोला.
तिने मूत्रपिंड दिलं.
बोट दिली नाही.
डबा आणला त्या दिवशीसुद्धा
तो तिला "देणारी" म्हणाला, नाव घेतलं नाही.

शुक्रवारी, सगळे सायकली काढून गेल्यावर,
आनेखीनने त्याची काचपट्टी भिंगाखाली सरकवली.
टी पेशी होत्या.
कमी नव्हत्या.
घोळका करून बसलेल्या, रेन्स्केच्या होत्या तशाच जांभळ्या.
पण भिंती शाबूत,
कुणी कशाला हात लावलेला नाही.
तिने मोजल्या. चहा निवला. पुन्हा मोजल्या.
त्यांच्यातल्या कितीतरी त्या दुसऱ्या, आवरणाऱ्या,
भांडणात मध्ये पडून
दंडाला धरून बाजूला नेणाऱ्या.

शास्त्रात याला सहिष्णुता म्हणतात.
मोठा शब्द, भाषणात शोभणारा.
घरात आपण नुसतं म्हणतो,
राहू दे.

हार्मानुसचं काम कालव्याच्या पुलावरचं.
काचेच्या खोलीत बसायचं,
बोट आली की रस्ता अडवायचा, पूल उचलायचा.
किती वेळ थोपवलं तर लोक ऐकतात
आणि कधी ऐकेनासे होतात,
हे कुठल्या नियमावलीत नाही.
"हाताला कळतं," तिने विचारल्यावर म्हणाला.
तिने ते वहीत लिहिलं. मग खोडलं.

अहवालात लिहिलं: रुग्ण एक. कारण अज्ञात.
अनुकरण करू नये.
शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या,
एक रेन्स्केसाठी.

मे महिन्यात एक जुनी हिरवी बोट पुलाशी आली.
सुकाणूवर खेस्के.
त्याने रस्ता अडवला, पूल उचलला,
काठीच्या दोरीला बांधलेला लाकडी बूट
पुलाच्या पैशांसाठी खाली सोडला, सगळ्यांना सोडतो तसा.
तिने वर न बघता नाणी टाकली.
नेमकी. ना कमी, ना जास्त.

बोट वळणाआड गेली तरी पूल वरच होता.
मागे कुणीतरी सायकलची घंटी वाजवत राहिलं.
त्याच्या ओटीपोटात, उजवीकडे,
तिचा तो तुकडा
गुपचूप रक्त गाळत होता.