एकतिसावा चौकोन

ताकोराडीच्या गोल बाजारात
सकाळी सातला मी पहिला चौकोन भरतो:
मान्साच्या केंकीच्या टोपलीपाशी, पाच सेडी.
तिची बोटं मक्याच्या पिठाने पांढरी,
म्हणून नोट ती दोन नखांत धरून देते
आणि मी तिच्या निळ्या कार्डावर फुली मारतो.

कार्डावर चौकोन एकतीस.
महिना भरला की तीस तिचे, एक माझा.
एवढंच माझं दुकान: छत्री, पेन, खांद्याला पिशवी.

भाचा फिफी केप कोस्टहून शिकून आला.
आमच्यात वारस भाचाच,
तेव्हा त्याचं ऐकून घ्यावं लागतं.
फोनवर बोटं नाचवून म्हणाला,
"मामा, हे तर उणे व्याज!
पैसे ठेवायचे त्यांनी, वर मोजायचेही त्यांनीच?
वर्षाकाठी पाऊणशे टक्के तोटा.
असलं गिऱ्हाईक पुस्तकात सापडत नाही."

म्हटलं, पुस्तक ठेव, पिशवी घे, चल.

आरबा मासे धुरावत होती.
फिफीने विचारलं, घरीच का नाही साठवत?
ती हसली. डोळे धुराने आधीच ओले.
"घरी ठेवला की पैशाला वास सुटतो.
दिराला येतो, चर्चच्या वर्गणीवाल्याला येतो,
रात्री नवं कापड आठवलं की मलाही येतो.
याच्याकडे दिला, की 'नाही रे माझ्याजवळ'
हे खरं खरं सांगता येतं."
मग माशाची शेपटी मोडत म्हणाली,
"खोटं बोलावं न लागण्याचे
महिन्याला पाच सेडी.
महाग आहे का?"

फिफीने तरी महागाई काढलीच.
तीस दिवसांत सेडी झिजतो, मामा.
झिजतो ना. ते त्यांना तुझ्याआधी कळतं,
टोमॅटोचा डबा दर आठवड्याला सांगतो.
म्हणून इथे कुणी वर्षभर ठेवत नाही.
महिना संपला की पैशाचं मक्याचं पोतं होतं,
आणि पोतं झिजत नाही,
उंदीर सोडले तर.

"आणि तू पळालास तर?"
कुठे पळू? माझं घर, माझ्या आईचं घर,
चर्चमधला माझा बाक, सगळं त्यांना पाठ.
हमी म्हणजे आणखी काय असतं,
पळायला जागा नसणं.
हे म्हणताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही.
पोरगा तापाने फणफणला होता त्या वर्षी
मीही पिशवीत हात घातला होता.
अकरा दिवस. अकराही दिवस
प्रत्येक फुली मारताना पेन जड झालं होतं.
ते कुठल्याच कार्डावर नाही.

गेल्या मंगळवारी मामे एस्सी गेली, केळीवाली.
कार्डावर नऊ फुल्या, तीन तीन सेडींच्या.
लेकीकडे गेलो, सत्तावीस मोजून ठेवले.
तिने त्यातले तीन परत सरकवले.
"तुझा चौकोन."
फिफी माझ्या कानाशी कुजबुजला, नको घेऊस मामा.

घेतले.
सोडले असते तर ते दान झालं असतं,
आणि एस्सीने आयुष्यात कुणाचं दान घेतलं नव्हतं.
कार्डावर आडवी रेघ मारली.
फिफीने न सांगता
छत्री उघडून माझ्यावर धरली.
ऊन फार होतं. मान्साची पाळी राहिली होती.