अकरा मासे

बर्स्लेमच्या उतारावर
आधी मासेवाला होता, मग चपलांचं दुकान, मग मोबाइल दुरुस्ती.
दर्शनी भिंतीवर मात्र
हिरव्या लव्हाळ्यात तेच अकरा मासे
आणि एका पायावरचा बगळा.

मंगळवारी परांची चढली.
कंत्राटदार म्हणाला, टाइल्स फुगल्यात, पोकळ वाजतात.
वाजवूनही दाखवलं: टक्, टक्, ढप्.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत सात मासे पोत्यात.

आयडा कोल्क्लो बसस्टॉपवर.
तीन बस तिनं सोडल्या.
तिची आई इथल्याच कारखान्यात
चौदाव्या वर्षापासून माशांचे डोळे रंगवायची,
नगावर मजुरी,
डोळा बिघडला की पैसे कापत.
यातला तिचा कुठला, विचारलं की
आयडा सांगायची: तो तिरळा.

पोऱ्यानं पोतं उघडून दाखवलं.
शेपट्या ओळखू येत होत्या,
डोळे नाही.

आता तिथं करडं, गुळगुळीत काहीतरी आहे.
पुसायला सोपं, म्हणे.
फक्त पन्हळीचा पाइप जुना, बिडाचा;
त्याचे स्क्रू काही केल्या निघेनात.
त्याच्यामागं, वीतभर रुंदीत, राहून गेलाय
बगळ्याचा तेवढा एक पाय.
पाण्यात.