लाजेचा तुकडा

अडीच वाजता मी किल्ल्यांचं मशीन बंद करते,
शटर अर्ध्यावर ओढते
(पूर्ण ओढलं तर गल्लीला वाटतं, गेली की काय)
आणि समोर फेर्मीनकडे जाते,
बोटांना पितळेचा कीस तसाच.

निकानोर आधीच उभा.
चौतीस वर्षं सेव्हियाची बस चालवली त्यानं बसून बसून,
आता जेवायलासुद्धा बसायचं नाव काढत नाही.
त्याच्यामुळे आम्ही सगळेच उभे,
गुडघे कुरकुरले तरी.

मे महिना. दारावर पुठ्ठ्याची पाटी:
गोगलगायी आल्या आहेत.
जशा काही आपल्या पायांनी आल्या.

काय हवं, ते फेर्मीन विचारत नाही.
ऑलिव्ह येतात. पालक-हरभरे येतात, जिऱ्याचा वास पुढे धावत.
व्हिनेगरमध्ये पांढरे पडलेले इवले मासे,
आणि बियरचे ग्लास एवढे लहान
की कोमट व्हायला त्यांना सवडच नाही.
हिशेब खडूनं, काउंटरच्या लाकडावर,
आमच्या कोपरांमधल्या जागेत.
ओब्दूलियाची बाही दर वेळी दोन-तीन युरो पुसून टाकते.
मुद्दाम, फेर्मीन म्हणतो.
सुती आहे, ओब्दूलिया म्हणते.

मग क्रोकेता. नऊ.
माणसं चार.
हे गणित तो वर्षानुवर्षं जाणूनबुजून चुकवतो.
दोन-दोन संपतात, जीभ भाजत, बोलणं न थांबवता,
आणि ताटलीत एक उरतो,
ज्याला इकडे लाजेचा तुकडा म्हणतात:
डोळे सगळ्यांचे, हात कुणाचाच नाही.

"दुकान विकलं,"
काडीनं गोगलगाय ओढता ओढता कासिल्दा म्हणाली.
"सप्टेंबरात मुलाकडे. व्हिगोला."

गोगलगाय निघाली नाही. तिनं दुसरी घेतली.

"तिकडे पाऊस फार," निकानोर म्हणाला,
आणि मग बराच वेळ
भिंतीवरच्या बैलाच्या डोक्याकडे बघत राहिला,
जणू पुढचा थांबा त्यालाच विचारायचा होता.
ओब्दूलिया कागदी रुमालाच्या घड्या घालत बसली,
इथे जो जमिनीवर टाकायची रीत आहे.
मी म्हटलं, तुझ्या घराची जादा किल्ली आहे माझ्याकडे.
का म्हटलं, कोण जाणे.

फेर्मीन ताटली उचलायला आला.
"राहू दे!" चौघंही एकदम ओरडलो,
शेजारचा म्हातारा दचकून आपलं ताट सांभाळू लागला.

कासिल्दानं सुरी मागितली.
एकेचाळीस वर्षं गोळ्या तोडणारे ते हात:
एक काप उभा, एक आडवा,
चार तुकडे, कणभर इकडेतिकडे नाही.
प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक सरकवला
आणि दुकानातल्या त्या कोरड्या आवाजात म्हणाली,
"आठवड्यातून एकदा. जेवणानंतर.
पाण्याबरोबर घेऊ नये."

निकानोर इतका हसला
की त्याला बसावं लागलं.

फेर्मीननं खडू घेऊन बेरीज केली,
पुसली, पुन्हा केली.
गोगलगायी धरायच्या राहिल्या होत्या.
आम्ही कुणी काही बोललो नाही.
ओल्या फडक्याच्या एका हातात
सगळं लाकूड कोरं झालं.